नाक, बाटली आणि फुंकणी

मागच्या गटारीची गोष्ट. पन्हाळा रोडवरच्या एका ढाब्यावरून आम्ही चौघं मित्र परत येत होतो. रात्रीचे साडेअकरा, पाऊस भुरभुरत होता, गाडीत जुनी गाणी. शिवाजी पुलाच्या अलीकडे बॅरिकेड लावलेले. एक हवालदार खिडकीशी आले, मोबाईलपेक्षा जरा मोठं काळं यंत्र आत सरकवलं आणि म्हणाले, "फुंका साहेब."

"दोनच बिअर झाल्यात हो मामा," इति आमचा मित्र. फुंकला. आकडा आला ९४.

मग नेहमीचं सुरू झालं. सीटबेल्ट लावलाय, स्पीड चाळीसचा होता, गाडी कुठं वाकडी गेली काय, वगैरे. शेवटी हा पठ्ठ्या गाडीतून उतरला आणि म्हणाला, "ही पांढरी पट्टी दिसतीय न्हवं? हिच्यावरनं सरळ चालून दाखवतो, मग तर सोडशीला?" आणि खरंच चालून दाखवलं, भर पावसात. मानलं पाहिजे, एकदम सरळ चालला. हवालदारांनी शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाले, "चाल चांगली हाय साहेब. पण आता चालायचं नसतंय, फुंकायचं असतंय."

पुढचं सगळं रीतसर झालं. गाडी जमा, लायसन्स जमा, नंतर कोर्ट आणि दंड. ते असो. माझ्या डोक्यात ते हवालदारांचं वाक्य अडकून बसलं. "आता" फुंकायचं असतंय, म्हणजे पूर्वी कधीतरी चालायचं असणार. हा बदल कधी झाला? कुणी केला? आणि झाल्यामुळे काही फरक पडला का? बरेच शनिवार-रविवार यात गेले. जे सापडलं ते सांगतो.

(आणि एक कबुली आधीच देऊन टाकतो. गाडीची चावी मित्राच्या हातात मीच दिली होती. माझ्या तीन झाल्या होत्या आणि त्याच्या दोन, म्हणून आमच्या हिशेबात तो 'शुद्धीत' होता. त्या हिशेबाकडे नंतर येतो.)

*

आपल्याकडे ही गोष्ट गाडीपासून नाही, दारूबंदीपासून सुरू होते. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी १६ जूनला मुंबईचा दारूबंदी कायदा अमलात आला. संस्थानचं राज्य जाऊन साडेतीन महिने होतात न होतात तोच कोल्हापूरकरांच्या ग्लासावर मोरारजीभाई! १९५० च्या एप्रिलपासून तर संपूर्ण दारूबंदी. पुढे साठच्या दशकात ती सैल झाली, पण कायदा आजही तोच आहे, फक्त परमिट काढून प्यायची सोय झाली. आपल्या गल्लोगल्लीच्या 'परमिट रूम'च्या पाट्या म्हणजे त्या दारूबंदीचे उरलेले अवशेष. रंकाळ्यावर फिरताना अशी पाटी दिसली की मला हल्ली उगीचच इतिहास आठवतो.

तर दारूबंदीतल्या मुंबईत २९ मे १९५१ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास कुलाब्यात एका जीपने तिघांना उडवलं. जीप चालवणारे गृहस्थ होते बेहराम खुर्शीद पेसिकाका. हुद्दा? मुंबई विभागाचे प्रभारी रीजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर! होय मंडळी, खुद्द आरटीओ. लोकांना लायसन्स देणारा माणूस.

पोलिसांनी त्यांना सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काय तपासलं? तोंडाला दारूचा वास येत होता. डोळे लालसर होते, बाहुल्या थोड्या विस्फारलेल्या. पण बोलणं सुसंगत होतं, आणि साहेब सरळ रेषेत चालू शकत होते. निष्कर्ष असा निघाला की कुठल्या ना कुठल्या स्वरूपात अल्कोहोल घेतलंय, पण त्याच्या अमलाखाली आहेत असं वाटत नाही. पांढऱ्या पट्टीवरचा आमचा मित्र अगदी हेच म्हणत होता!

पेसिकाकांचा बचाव ऐकण्यासारखा आहे. आपण दारू प्यायलो नाही, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं, ज्यात सुमारे १७ टक्के अल्कोहोल असतं. आता योगायोग बघा. त्या रात्रीच्या बरोबर चार दिवस आधी, २५ मे १९५१ ला, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात निकाल दिला होता की दारूबंदी कायद्यातली अल्कोहोलयुक्त औषधं घेण्यावरची बंदी घटनाबाह्य आहे. म्हणजे औषध म्हणून घेतलं तर गुन्हा नाही. आणि वास तर दोन्हींचा सारखाच!

मॅजिस्ट्रेटने पेसिकाकांना सोडलं. हायकोर्टाने बेदरकार गाडी चालवण्याच्या आरोपातून मोकळं ठेवलं, पण दारूबंदीच्या कलमाखाली एक महिना सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५४ साली तिथे ते सुटले. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: पोटात गेलेलं अल्कोहोल बंदी असलेलंच होतं हे सरकारने सिद्ध करायचं, आरोपीने नव्हे. मूलभूत हक्क माणसाला स्वतःहून सोडून देता येतात का, या प्रश्नासाठी लॉ कॉलेजमधली मुलं हा खटला आजही शिकतात. घटनेच्या दृष्टीने मोठाच निकाल.

पण मला मात्र वाचताना राहून राहून ती तीन माणसं आठवत होती. तीन वर्षं तीन कोर्टांत टॉनिकमध्ये किती टक्के अल्कोहोल आणि सिद्ध कुणी करायचं यावर बुद्धिमान लोक बोलत राहिले. जीप चालवताना त्या माणसाची नजर, हात, पाय ठिकाणावर होते का, हा प्रश्न कडेला पडला. कायद्याचा सवाल "प्यायलास का?" हा होता. "चालवू शकतोस का?" हा नव्हता. आणि प्यायलास का हे ठरवायचं एकच हत्यार होतं, डॉक्टरचं किंवा हवालदाराचं नाक.

तसा मोटारींचा वेगळा कायदा होता, १९३९ चा. त्यात कलम ११७ होतं. नशेत इतका असेल की गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही, तर शिक्षा. पण 'इतका' म्हणजे कितका? कुठेही आकडा नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. क्लायंट म्हणतो, "सिस्टम बऱ्यापैकी फास्ट पाहिजे." बऱ्यापैकी म्हणजे किती सेकंद हे विचारलं की रागावतो.

*

आकडा आला १९५९ साली. पेसिकाका प्रकरणाचं उत्तर म्हणा हवं तर. दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. संशयिताला डॉक्टरकडे नेऊन त्याचं रक्त घेता येईल, आणि रक्तात ०.०५ टक्के (म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम) किंवा जास्त अल्कोहोल निघालं तर ते औषधच होतं हे आता आरोपीने सिद्ध करायचं. नाक गेलं, बाटली आली. चांगलीच सुधारणा. रक्त खोटं बोलत नाही.

रक्त बोलत नाही हो, पण बाटली प्रवास करते ना!

हे दोनच वर्षांत दिसलं. १९६१ च्या एप्रिलमध्ये खानदेशात उखा कोल्हे नावाच्या माणसाच्या हातून गाडीचा अपघात झाला. हॉस्पिटलात त्याचं रक्त काढलं, छोट्या बाटलीत भरलं, आणि ती केमिकल एक्झामिनरकडे गेली. आकडा ०.०५ च्या वर आला. एरंडोलच्या मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली. पण अपिलात प्रश्न उभा राहिला की रक्त काढल्यापासून ते पाठवेपर्यंत जे दिवस गेले, त्या दिवसांत बाटली होती कुठे? कुणाच्या ताब्यात? सील शाबूत होतं याला साक्षीदार कोण? सरकारने याचा पुरावाच दिला नव्हता. सेशन्स कोर्ट म्हणालं, खटला पुन्हा चालवा. हे भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६३ साली त्या न्यायालयाने बहुमताने सांगितलं की सगळा खटला पुन्हा नको, बाटलीपुरता जादा पुरावा घ्या.

आमच्या धंद्यात याला ऑडिट लॉग म्हणतात. कुठली फाईल कधी, कुणी उघडली, कुणी हलवली याची नोंद. लॉग नसेल तर डेटा कितीही बरोबर असो, ऑडिटर मानत नाही. १९६१ ची ती बाटली म्हणजे लॉग नसलेला डेटा. आणि आपण सगळे जाणतो, लॉग लिहायचा कंटाळा हा राष्ट्रीय रोग आहे.

*

आता थोडं परदेशात जाऊन येऊ, कारण फुंकणी तिकडून आली.

स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९२२ मध्ये बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तातून अल्कोहोल मोजायची पद्धत बसवली. नॉर्वेने १९३६ साली कायद्यात सरळ आकडा लिहिला. रक्तात ०.०५ टक्क्यांच्या वर असेल आणि गाडी चालवत असाल, तर बास, गुन्हा. सरळ चाला नाहीतर नाचा. विचारायचा प्रश्न नॉर्वेने आपल्या आधी बरीच वर्षं बरोबर ओळखला होता.

अमेरिकेत रोला हार्गर नावाच्या प्राध्यापकाने 'ड्रंकोमीटर' बनवला. माणसाने फुग्यात फुंकायचं, ती हवा रसायनातून न्यायची, रंग बदलला की समजायचं. तो रस्त्यावर पहिल्यांदा वापरला इंडियानापोलिसमध्ये, तारीख ३१ डिसेंबर १९३८. बघा, थर्टी फर्स्टची नाकाबंदी ही प्रथा किती जुनी! मग १९५४ मध्ये त्याच इंडियाना राज्याच्या पोलीस दलातल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइनने हाताळायला सोपा ब्रेथअ‍ॅनलायझर केला. यामागचं विज्ञान सोपं आहे. फुफ्फुसात रक्त आणि हवा यांची गाठ पडते, तिथे रक्तातलं अल्कोहोल ठरावीक प्रमाणात हवेत उतरतं. ढोबळमानाने २१०० मिली श्वासात जेवढं अल्कोहोल असतं, तेवढंच १ मिली रक्तात असतं. म्हणजे श्वास मोजला की रक्त मोजल्यासारखंच. सुई नाही, बाटली नाही, आणि आकडा तिथल्या तिथे. (मात्र नुकताच घोट घेतला असेल किंवा माउथवॉशने चूळ भरली असेल तर तोंडातलंच अल्कोहोल मोजलं जातं, म्हणून पंधरा मिनिटं थांबायचं असतं.)

पण यंत्रापेक्षा मोलाचा धडा ब्रिटनने शिकवला. तिथल्या वाहतूकमंत्री होत्या बार्बरा कॅसल. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल झाली, धमक्याही आल्या. तरी ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांनी १०० मिलीला ८० मिलिग्रॅम ही मर्यादा आणि रस्त्यावरची फुंकणी दोन्ही आणलं. पहिल्या वर्षातच रस्त्यावरचे मृत्यू हजारापेक्षा जास्तने घटले. आणि मग? मग हळूहळू परिणाम ओसरला. का? एच. लॉरेन्स रॉस या अभ्यासकाने याची उकल केली. सुरुवातीला लोकांना वाटलं पोलीस जागोजागी उभे असतील. काही वर्षांत कळलं की असं काही नाही, सापडायची शक्यता फारच कमी. भीती गेली, सवय परत आली. शिक्षा तीच होती, कायदाही तोच.

याउलट ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ पासून कुठल्याही गाडीला, कसलाही संशय नसताना, थांबवून फुंकायला लावायला सुरुवात केली. भरपूर, सतत, वर्षभर. तिथला परिणाम टिकला. म्हणजे माणूस शिक्षेच्या आकड्याला भीत नाही, पुढच्या वळणावर बॅरिकेड असेल का याला भितो. आमच्या गाडीतल्या चौघांना कायदा तोंडपाठ होता हो. फक्त "आज बुधवार-गुरुवार नाही, पण पाऊस आहे, कोण उभं राहतंय" हा अंदाज चुकला!

*

आपल्याकडे परत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८५ आलं, आणि गंमत म्हणजे मूळ कलमात रक्तातलं अल्कोहोल "कितीही अल्प असलं तरी" गुन्हा होता. पुन्हा तोच दारूबंदीचा सूर, प्यायलास का? १९९४ च्या दुरुस्तीत अखेर आजचा आकडा बसला. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तेही ब्रेथअ‍ॅनलायझरच्या तपासणीत आढळलेलं. जगाच्या मानाने ही मर्यादा कडक आहे. पण शब्दरचना अशी की रक्ताच्या रिपोर्टवर उभ्या असलेल्या केसमध्ये वकिलाला मुद्दा मिळायचा, कलमात तर फुंकणीच लिहिलीय! २०१९ च्या दुरुस्तीत "किंवा प्रयोगशाळेतल्या तपासणीसह इतर तपासणीत" असे शब्द घातले. पंचवीस वर्षं लागली एका 'किंवा'ला. त्याच दुरुस्तीत पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारावरून दहा हजारापर्यंत गेला, सहा महिन्यांपर्यंत कैद होतीच.

पण कायदा कागदावर होता, रस्त्यावर नव्हता. तो रस्त्यावर यायला सात माणसं मरावी लागली. १२ नोव्हेंबर २००६ ला पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेराची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात ठार, आठ जखमी. रक्तात अल्कोहोल ०.११२ टक्के, म्हणजे आजच्या मर्यादेच्या पावणेचार पट. २००७ मध्ये सेशन्स कोर्टाने सहा महिने शिक्षा दिली आणि मुंबईत संताप उसळला. त्याच वर्षी हायकोर्टाने ती तीन वर्षं केली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

त्याच २००७ साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी फुंकण्या घेऊन रात्रीच्या नाकाबंदीची मोठी मोहीम सुरू केली. नोकरदार, शिकलेसवरलेले लोक चक्क काही दिवसांसाठी तुरुंगात जाऊ लागले. मी मुंबईत नोकरी करणाऱ्या त्या पिढीच्या सीनियर लोकांना विचारलं, तर सगळ्यांना ते आठवतं. ऑफिसच्या पार्टीला कोण पिणार नाही हे आधी ठरवायची पद्धत, टॅक्सीने घरी जायची पद्धत त्यांच्यात तेव्हापासून पडली म्हणे. हे काही संशोधन नव्हे, कँटीनमधल्या गप्पा. पण रॉसच्या म्हणण्याशी जुळतात.

आता या परेरा प्रकरणाच्या शेजारी दुसरं ठेवून बघा. २८ सप्टेंबर २००२, पुन्हा वांद्रेच. सलमान खानची गाडी बेकरीबाहेर झोपलेल्यांवर गेली, एक ठार, चार जखमी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ६२ मिलिग्रॅम. २०१५ च्या मे महिन्यात सेशन्स कोर्टाने पाच वर्षं शिक्षा दिली, डिसेंबरात हायकोर्टाने निर्दोष सोडलं. निकालात साक्षीपुराव्याच्या इतर मुद्द्यांबरोबर रक्ताच्या नमुन्याची हाताळणी शंकास्पद ठरली. तेरा वर्षांनी पुन्हा तोच एरंडोलचा प्रश्न, बाटली कुठे होती?

आणि १९ मे २०२४, पुणे, कल्याणीनगर. हे तर आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, आणि बाइकवरून चाललेले दोन तरुण इंजिनियर ठार. आयटीवाले, आपल्यासारखेच, शनिवारची रात्र मित्रांबरोबर घालवून निघालेले. मुलाला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली, त्यावर देशभर हसू आणि संताप दोन्ही झालं. पण माझ्या मते त्या प्रकरणातली सगळ्यात भयंकर गोष्ट निबंध नाही. पोलिसांच्या आरोपानुसार सरकारी हॉस्पिटलात त्या मुलाचं रक्तच बदललं गेलं, त्याच्या जागी त्याच्या आईचं रक्त ठेवलं गेलं. डॉक्टरांना अटक झाली. न्यायालय काय ते ठरवेल. पण १९६१ मध्ये बाटलीचा लॉग नव्हता, इथे तर आरोप असा आहे की बाटलीच दुसरी होती.

म्हणून मी फुंकणीचा पक्षपाती झालोय. बाटली अपघातानंतर येते. तोवर रस्त्यावर कुणीतरी पडलेलं असतं, आणि पुढे पैसा, वशिला, वकील, आळस सगळ्यांना वाव असतो. फुंकणी अपघाताच्या आधी येते. तिच्यात आकडा तिथेच दिसतो, फुंकणाऱ्यालाही आणि मागे बसलेल्यांनाही. (कोविडमध्ये, २०२० साली, संसर्गाच्या भीतीने फुंकण्या कपाटात गेल्या होत्या आणि पोलीस पुन्हा नाक नि बाटलीवर आले होते. त्यात मास्क घातलेला, म्हणजे नाकही कामाचं नाही!)

एक फाटा मध्येच सांगायचा राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करायचा आदेश दिला. यामागे चंदीगडच्या हरमन सिद्धू यांचा लढा होता, जे स्वतः १९९६ च्या अपघातापासून व्हीलचेअरवर आहेत. १ एप्रिल २०१७ ला कोल्हापुरासकट सगळीकडे परमिट रूमची शटरं खाली आली. मग देशभर जे डोकं चाललं ते थक्क करणारं. कुठे हायवेचा दर्जा बदलून त्याला शहरातला रस्ता करून टाकला, तर केरळात एका बारने दारापर्यंत नागमोडी भिंती बांधून चालायचं अंतर वाढवून घेतलं! जुलै २०१७ मध्ये शहरहद्दीतल्या दुकानांना मोकळीक मिळाली आणि शटरं वर गेली. दुकान हलवून पिणारा थांबतो असं मला वाटत नाही. त्याला थांबवायला रस्त्यावर माणूस लागतो.

तुम्ही म्हणाल, सरकारी अहवालांत तर दारूमुळे झालेले मृत्यू अगदी थोडे दिसतात. बरोबर. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात दारूच्या खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि अतिवेगाच्या खात्यावर सत्तर टक्के. माझा या अडीचवर विश्वास नाही. जिथे रक्त वेळेत घेतलंच नाही तिथे 'अतिवेग' लिहून मोकळं होणं सोपं. आणि तो वेग आला कुठून, हे त्या रकान्यात मावत नाही.

*

आता तो हिशेब. "दोनच बिअर" म्हणजे किती? विडमार्कचंच सूत्र वापरून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. (सवय!) ७० किलोचा पुरुष, रिकामं पोट, सगळं ढोबळ. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल. रक्तात ८५ च्या आसपास मिलिग्रॅम. एकाच बाटलीत मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट! पाच टक्केवाली माइल्ड घेतली तरी ५४, म्हणजे तीही बाहेर. ४२.८ टक्क्यांचा ६० मिलीचा एक लार्ज पेग, ४३. बाईमाणसांचं शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी, वजनही बहुधा कमी, त्यामुळे तेवढ्याच पिण्यात आकडा आणखी वर.

आणि उतरतं किती वेगाने? तासाला साधारण १५. बस. लिंबू पिऊन, अंघोळ करून, काळी कॉफी घेऊन, तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या मारून त्यात काही फरक पडत नाही. लिव्हर सिंगल थ्रेडवर चालतं, रांग वाढली म्हणून वेग वाढवत नाही. दोन स्ट्राँग बाटल्या म्हणजे १७० च्या घरात. त्या रात्री मित्राने जेवणाबरोबर, तीन-चार तासांत निवांत प्यायल्या होत्या, म्हणून ९४ वर निभावलं. तो सरळ चालत होता तेव्हा मर्यादेच्या तिप्पट वर होता. सवयीच्या माणसाची चाल सुधारते, पुलावर समोरून अचानक आलेल्या सायकलवाल्यासाठी ब्रेक दाबायला लागणारा वेळ सुधारत नाही.

या प्रोग्रॅमने मला खरा घाम फोडला तो दुसऱ्याच गोष्टीने. रात्री एक वाजता १७० असेल तर सकाळी आठला किती? सात तास गुणिले १५, १०५ गेले. उरले ६५. मर्यादेच्या दुप्पट! आणि आपण काय करतो? गोव्यात शनिवारी रात्री बसतो, रविवारी सकाळी "झोप झाली रे, फ्रेश आहे" म्हणत आंबोली घाट चढायला लागतो. मी स्वतः किती वेळा चढलोय याची मोजदाद नाही. एकदा तर मागच्या सीटवर बहीण आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा होता. तेव्हा काही झालं नाही. धुकं होतं, समोरून एसटी आली, मी वेळेत डावीकडे घेतली. 'वेळेत' हे मी आजवर माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक म्हणून सांगत आलो होतो.

गटारीनंतर आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक फ्युएल सेलवालं यंत्र मागवलं. स्वस्तातली येतात ती घेऊ नका, त्यांचा आकडा कुठेही नाचतो. परवा मित्राच्या टेरेसवर बसलो होतो, सगळे तिथेच झोपलो. सकाळी नऊला उठलो, मिसळ खायला जायचं ठरलं. ज्याची गाडी जमा झाली होती त्यानेच यंत्र काढलं आणि हवालदारांच्या आवाजात म्हणाला, "फुंका साहेब."

माझा आकडा आला ४१. बाकीच्यांचे ३६, ५२, आणि त्याचा स्वतःचा २८. तो चावी घेऊन उभा राहिला, यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दोनचाच फरक हाय रे," म्हणाला, आणि चावी परत खुंटीला लावली. उद्यमनगरपर्यंत चालत गेलो, पाऊण तास लागला. पोचलो तेव्हा कट संपायला आला होता.